गावानं द्यायचं लाकूड

आषाढ अर्धा सरला की माझ्या घरात काडेपेटी पेटेनाशी होते. बावधनचा हा तिसरा मजला, खिडक्यांना सरकत्या काचा, बाहेरून पावसाळी रंग, ओट्यावर लायटर. पण देवापुढची वात मी अजून काडीनंच लावते आणि ती काडी या दिवसांत गूल गाळून हातातच मोडते. मिठाला पाणी सुटतं. पापड तळायला काढला तर फडक्यासारखा लोंबतो. वाळत घातलेल्या साड्या आंबूस वास मारायला लागतात आणि शेजारी नव्यानं राहायला आलेली, कंपनीत जाणारी मुलगी दारातून म्हणते, "काकू, ड्रायरवालं मशीन घ्या ना आता." मी घेते म्हणते. घेत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक असतं. पण आमच्या मागच्या अंगाला नव्या इमारतींची कामं चालू आहेत. तिथल्या मजुरांची चूल भर पावसात पेटेना झाली की ते तिच्यात टायरचा तुकडा घालतात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांनाही संध्याकाळी भाकरी लागते. तो वास वर येतो. मी उठून सगळ्या खिडक्या लावते, उदबत्ती लावते, आणि मग दोन-चार दिवस कुणाशी धड बोलत नाही.

मी मूळची मंगळवेढ्याकडची. आमच्याकडे पाऊस येऊन गेला की त्याच्या आठवणीवर वर्ष काढायचं. प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडच्या एका गावात, जिथे जूनमध्ये उघडलेली छत्री गणपती उठेपर्यंत मिटायची नाही. दोन हजार सालाच्या आगेमागे मी तिथे गेले. भाड्यानं खोली मिळाली सरूताईच्या घरात. सरूताई माझ्याच वयाची, उंच, हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ. तिचा नवरा विष्णुभाऊ पौडपर्यंत वडापची जीप चालवायचा. एक लहान मुलगी. आणि सरूताईची सासू, ठकूआजी. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती, तीही डोक्याएवढीच उंच. वरून सगळं एकच. त्यामुळे त्यांच्या चुलीवर काय शिजतंय, कोण कोणावर का रागावलंय आणि आज ओली लाकडं आहेत की सुकी, हे सगळं माझ्या अंथरुणापर्यंत यायचं.

सगळ्यात जास्त यायचा तो धूर. पहिल्या पावसाळ्यात मी खूप रडले. घरच्या आठवणीनं किती आणि धुरानं किती, ते मलाच सांगता आलं नसतं. ठकूआजीचे डोळे तर कायम लाल, कडा सुजलेल्या. पहाटे तिला जी खोकल्याची उबळ यायची ती ऐकून माझाच श्वास अडकायचा. सरूताई कुडापलीकडून म्हणायची, "झोपा बाई, त्यांचं रोजचंच हाय." आणि मग स्वतःच उठून तिची पाठ चोळत बसायची. सासू-सुनेचं दिवसभर पटायचं नाही. पहाटे मात्र पटायचं.

चुलीच्या वर, माळ्याच्या वाशांना दोरीनं बांधलेलं एक लाकूड होतं. ऐनाचं, मांडीएवढं जाड, धुरानं काळं कुळकुळीत झालेलं. मला वाटलं, काही मोडलं-बिडलं तर लागेल म्हणून ठेवलंय. एकदा चहाला आधण ठेवताना सरपण भिजलेलं निघालं, तेव्हा मी सहज म्हटलं, "ते वरचं काढा की." सरूताईनं अशी मान वळवली, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"त्ये मयताचं हाय," ती म्हणाली.

मग ठकूआजीनं मला समजावून सांगितलं. गावातल्या प्रत्येक घरात चुलीवर असं एक लाकूड बांधलेलं असतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रानात कोरडी काडी मिळत नाही, आणि माणसं काही महिना बघून मरत नाहीत. म्हणून वर्षभर धुरावर लाकूड सुकवायचं आणि गावात कोणी गेलं की घरटी एकेक घेऊन स्मशानात जायचं. दिलं की दुसरं आणून बांधायचं. "पर आपलं आपल्याला लागत न्हाई," आजी म्हणाली. "घरानं इस्तू द्यायचा, गावानं लाकूड द्यायचं. मेल्यालं माणूस घरचं लाकूड घेऊन गेलं तर घर त्याच्यामागं जातं."

मी वर बघितलं. रोज ज्या लाकडाखाली बसून मी चहा प्यायचे, ते या घरातल्या कुणासाठी नव्हतं. कुणासाठी होतं तेही ठरलेलं नव्हतं. मला त्या वेळी अंगावर काटा आला होता. नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर नंतर ते लाकूड दिसलं की बरं वाटायचं.

आजीचं आणखी एक म्हणणं होतं आणि ते तिनं घरात सगळ्यांना, मलासुद्धा, अनेकदा ऐकवलं होतं. तिचा भाऊ तिच्या माहेरी असाच भर श्रावणात गेला. त्या गावात लाकूड ठेवायची रीत मोडली होती. सरण पेटेना, तेव्हा लोकांनी ट्रकचे टायर आणून घातले. "तेराव्यापातुर वास जाईना. भाताला वास, पाण्याला वास. माज्या भावाचा न्हवं त्यो वास, टायराचा. भाऊ कुटं गेला त्येच कळलं न्हाई." मग सुनेकडे वळून म्हणायची, "मला तसलं नको गं. सांगून ठेवती."

"तुमी कुटं चाललाय इतक्यात," सरूताई भाकरी थापत म्हणायची.

त्यानंतर पंचायतीची निवडणूक आली, सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि विष्णुभाऊच्या भावकीनं सरूताईला उभं केलं. कारभार विष्णुभाऊनं करायचा, असं गृहीतच होतं. पण सरूताई पहिल्याच सभेला स्वतः जाऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. त्याच सुमारास आमचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि एक नवा शब्द घेऊन आले. कार्बन. ग्रामसभा देवळात भरायची. भाऊसाहेब खांबाला टेकून सांगत होते की जगाची हवा तापत चाललीय, हवेत कार्बन वाढलाय, तो धुरातून जातो, आणि आपल्या पंचायतीनं तो कमी करायचं मनावर घेतलं तर आपण तालुक्याला दाखवून देऊ. भाऊसाहेब मनापासून बोलत होते. त्या माणसाच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

धोंडूतात्या भावकीतले सगळ्यात वडीलधारे. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "घाटातनं रविवारच्या मोटारी मोजल्यात का कदी? धबधबा बघायला येत्यात त्या? त्यांचा कारबन कोन कमी करनार?"

"तात्या, ते आपल्या हातात नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मंजी आमची चूल हातात हाय."

लोक हसले. पलीकडच्या डोंगराला सुरुंग लावून बंगल्यांसाठी रस्ते काढणं चाललं होतं, त्याचे हादरे देवळाच्या घंटेला बसायचे. तात्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पण मग सरूताई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "हवेचं मला कळत न्हाई. आमच्या आत्याबाई रोज पहाटं मरत्यात आन् उजाडल्यावर जित्त्या व्हत्यात. धूर घरातनं गेला पायजे. त्याला काय नाव द्यायचं त्ये द्या." हसणारे गप्प झाले, कारण घरोघरी एक ठकूआजी होती.

आणि काम झालं, हे सांगायलाच हवं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या पंचायतीनं जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्याकडे जनावरं होती त्यांच्या परसात गोबरगॅस आला. बाकीच्यांना बिनधुराच्या चुली, सिमेंटचा पाइप थेट कौलाबाहेर काढलेल्या. खांबांवरचे जुने बल्ब गेले, पांढरे कमी विजेचे आले. कचरा जाळायला बंदी. आणि स्मशानात पत्र्याच्या छपराखाली लोखंडी सांगाडा बसवला, ज्यात निम्म्या लाकडात काम व्हावं. सगळ्या घरांचं लाकूड आता लागणार नाही, निम्म्या घरांचं पुरेल, झाडं वाचतील. रस्त्यावर पाटी लागली, धूरमुक्त गाव. पाटीखाली उभं राहून पुण्याचे लोक कणसं खायचे.

माझ्या अंथरुणापर्यंत येणारा धूर थांबला. ठकूआजीचा खोकला हळूहळू उतरत गेला. एका पहाटे मी नेहमीच्या वेळेला जागी झाले, वाट बघत पडून राहिले आणि उबळ आलीच नाही. कुडापलीकडे सरूताईही जागी असणार. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "बाई, ऐकताय ना? झोपल्यात." ती हे ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी विसरणार नाही. पुढं जे झालं ते झालं, पण ती पहाट खरी होती आणि ती त्या पंचायतीमुळे होती.

लाकूड मात्र वाशांना तसंच होतं. खाली गॅसची निळी ज्योत आणि वर लाकूड. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. कौलांखाली आता धूर साचत नव्हता, भिंती ओल धरत होत्या, वाशांना पांढरी बुरशी येत होती; पण प्रत्येक घराला वाटायचं की आपलंच घर जुनं झालंय. त्यातून दोन पावसाळे गावात कोणी गेलं नाही. भाऊसाहेब गमतीनं म्हणायचे, धूर गेला तसं मरणही गेलं बघा. आम्ही हसायचो.

एकट्या ठकूआजीला चैन पडेना. तिला ओल-बिल काही कळली होती असं नाही. गॅसवर बांधलेलं लाकूड तिला पोरकं वाटायचं, एवढंच. तिनं एके दिवशी विष्णुभाऊकडून ते सोडवून घेतलं आणि गोठ्यात बांधलं. खाली तीन दगड मांडून डासांसाठी म्हणून शेणीची धुरी घालायला लागली. सरपंचाच्याच घरी धूर! भाऊसाहेबांनी नाकानं हेरलं. सरूताईनं सासूला चार शब्द सुनावले, मग गोठ्याच्या दारावर पोतं टांगलं आणि भाऊसाहेबांना म्हणाली, "म्हशीला डास चावत्यात. म्हशीला कारबन सांगून बघा तुमी." म्हातारी पोत्याआडून खिदळत होती.

तो श्रावण मला दिवसांनी आठवत नाही, आवाजानं आठवतो. पत्र्यावरचा, कौलांवरचा, ओढ्याचा, सगळे मिळून एकच आवाज; शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावले तर ओठ हललेले दिसायचे. घाटात दरड आली होती आणि पौडकडचा रस्ताही एका मोरीवर पाण्याखाली होता. विष्णुभाऊची जीप दारात उभी. त्यातल्या एका सकाळी ठकूआजीनं चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकून बसली आणि सरूताईनं भाजी चिरता चिरता काहीतरी विचारलं त्याला तिनं उत्तर दिलं नाही. इतकं साधं. मी शाळेला निघाले होते, छत्री तशीच हातात राहिली.

घरचा विस्तव द्यायचा म्हणजे गॅसचा कसा देणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग विष्णुभाऊ गोठ्यात गेला आणि आईनं आदल्या संध्याकाळी घातलेल्या धुरीतले निखारे मडक्यात भरून आणले. तिचा विस्तव तिनंच राखून ठेवलेला होता. लोक लाकडं घेऊन जमले. रीत कुणी मोडली नव्हती. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापल्या घरातलं, माळ्यावरून सोडलेलं लाकूड होतं. ओट्यावर ती लाकडं टाकली तेव्हा त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. कोरडं लाकूड दगडावर पडलं की खणकन वाजतं. ही थप्प पडली. धोंडूतात्यांनी एकाला नख लावलं, नखाबरोबर साल निघून आली. कोणीच काही बोललं नाही, प्रेत दारात होतं.

पुरुष ओढा ओलांडून गेले. आम्ही बायका ओसरीवर. आमच्याकडे काय, तिथे काय, बायकांनी स्मशानात जायचं नाही. बराच वेळ झाला. ओढ्यापलीकडे एक राखाडी धूर उठला, बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. मग विष्णुभाऊ, धोंडूतात्या आणि दोघंतिघं परत आले. निथळत होते. विष्णुभाऊच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. वारा आडवा लागतोय, पाऊस छपराखाली घुसतोय, असं कोणीतरी सांगितलं. जीपमधलं सगळं डिझेल संपलं होतं. डिझेल तेवढं जळत होतं, लाकूड धरत नव्हतं.

विष्णुभाऊ बायकोकडे बघत नव्हता. धोंडूतात्याच म्हणाले, "सरू, पंक्चरवाल्याच्या टपरीमागं टायर पडल्यात. तू सरपंच हायेस, तूच सांग. काय करायचं?"

सरूताई उठली, गोठ्यात गेली आणि ते ऐनाचं लाकूड घेऊन आली. तिनं ते विष्णुभाऊच्या पायाशी टाकलं. खणकन वाजलं. सगळ्या गावातलं ते एक लाकूड वाजलं.

"ह्ये न्या. ह्येच्यावर धरंल. बाकीचं मागनं धरंल," ती म्हणाली.

विष्णुभाऊ वाकला. धोंडूतात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचं हाय ते."

"म्हाईत हाय मला," सरूताई म्हणाली. "त्यांनीच सुकवलंय. त्यांना न्हाई तर कुनाला?"

"घरचं लावता येत न्हाई पोरी. घरात लेकरू हाय तुझ्या."

तिची मुलगी दाराला धरून उभी होती. सरूताईनं तिच्याकडे बघितलं. मी शिकलेली बाई, वर्गात फळ्यावर विज्ञान लिहिणारी. माझा त्या समजुतीवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या क्षणी मीही त्या मुलीकडे बघितलं आणि माझं तोंड उघडलं नाही. तिथे उभ्या असलेल्या कुणाचंच उघडलं नसतं. माणूस मेलेलं असताना उरलेल्यांची भीती फार मोठी असते. विष्णुभाऊनं लाकूड उचलून परत गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवलं, आणि आईचं काहीतरी मोडू नये अशा बेतानं ठेवलं.

"मला तसलं नको गं," हे त्या ओसरीवर ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्या सगळ्यांना ते तेव्हा ऐकू येत असणार. सरूताईनं मुलीला दारातून आत सारलं. मग म्हणाली, "आना टायर."

ते दोन शब्द ती इतक्या स्वच्छ आवाजात बोलली की मला तिचा राग आला. आतून ती काय झाली होती ते नंतर कळलं. ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

टायर पेटले. पावसाला ते दाद देत नाहीत. काळा धूर आला, पण तो वर गेला नाही. वरून पावसाचा मार आणि दरीत कोंडलेली हवा. तो ओढ्याच्या कडेकडेनं खाली आला, शेतांवरून पसरत गावात शिरला. ज्या ज्या घरातून पंचायतीनं धूर बाहेर काढला होता, त्या प्रत्येक घरात तो गेला. बायकांनी दारं लावली. पाइपातून उलटा आत आला. रस्त्यावर धूरमुक्त गावाच्या पाटीपाशी एक मोटार दरडीमुळे अडकून थांबली होती, तिच्यातल्या माणसांनी काचा वर केल्या. सरूताईच्या मुलीनं मला विचारलं, "बाई, ही आजीय?" मी नाही म्हणाले. मग मला वाटलं, नाही तरी कसं म्हणावं.

तेराव्यापर्यंत भाताला वास होता. आजीनं सांगितलं होतं, अगदी तस्साच.

तोंडावर सरूताईला कोणी बोललं नाही. पाठीमागे बोलले असतील. भाऊसाहेब आले, ओसरीच्या कडेला बसले, म्हणाले, "ताई, हे लक्षातच आलं नाही हो." सरूताई म्हणाली, "कुनाच्या आलं?" आणि चहा टाकायला उठली. पंचायतीच्या पुढच्या सभेत गावात लाकूड कमी जळाल्याबद्दल कौतुक झालं आणि ते खोटंही नव्हतं. कमीच जळलं होतं. त्याच सभेत सरूताईनं एकच मागणी केली, स्मशानाजवळ कोरडं लाकूड ठेवायला एक पत्र्याची खोली. खोली झाली. पहिल्या वर्षी तिच्यात लाकडं होती. दुसऱ्या वर्षी ठेकेदाराची सिमेंटची पोती होती, कारण सिमेंटलाही ओल चालत नाही.

चुलीवर परत जा, असं कोणी म्हणालं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मला वाटलं होतं सरूताई गोबरगॅसची नळी उपटून फेकून देईल. तिनं दिली नाही. "माज्या पोरीचं डोळं चांगलं ऱ्हायलं पायजेत," ती म्हणाली. "आत्याबाई तीन वर्सं झोपल्या त्या गॅसमुळं. त्ये मी कसं नाकारू?" पण कधी कधी ती हातातलं काम टाकून मला विचारायची, "बाई, त्या एका लाकडावर धरलं असतं का हो?" मी म्हणायचे, एका लाकडानं काय होतंय. ती मान हलवायची. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायची. मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी तेच सांगत राहायचे.

गोठ्यातलं लाकूड तिनं पुन्हा वाशाला बांधलं आणि संध्याकाळची धुरी स्वतः घालायला लागली. पोतं काढून टाकलं. भाऊसाहेब त्या बाजूनं जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

माझी बदली व्हायच्या आधीचा तो शेवटचा पावसाळा. धोंडूतात्या गेले. तेव्हाही भाद्रपदाची झड लागलेली. रीत होती म्हणून लोकांनी लाकडं नेली, कशी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. आता कोणी कोणाला विचारायच्या भानगडीतही पडलं नाही. तात्यांच्या मुलांनी सकाळीच दोन टायर ओढ्यापलीकडे नेऊन ठेवले होते. विष्णुभाऊ खांदा द्यायला सकाळीच रिकाम्या हातानं गेला होता; मी आणि सरूताई ओसरीवरून अंत्ययात्रा जाताना बघत होतो. यात्रा वळणाआड गेली आणि सरूताई उठली.

गोठ्यात जाऊन तिनं दोर सोडला. लाकूड डोक्यावर घेतलं, वरून प्लास्टिकचं इरलं ओढलं आणि चालायला लागली. मी म्हटलं, "कुठं निघालात? बायका जात नाहीत." तिनं वळून बघितलं नाही. मी छत्री घेऊन मागे धावले. ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. ती त्यात उतरली, मी काठावरच थांबले, माझी हिंमत झाली नाही.

पलीकडे सगळे पुरुष वळून बघायला लागले. तिनं इरल्याखालून लाकूड काढलं. तात्यांचा थोरला मुलगा पुढे झाला. पावसाच्या आवाजात मला तिचं बोलणं ऐकू आलं नाही, ते विष्णुभाऊनं नंतर सांगितलं. ती एवढंच म्हणाली होती, "आमच्या घरचं लाकूड हाय. सासूनं सुकवल्यालं. आदी ह्ये लावा, टायर मागनं बगू." आणि तिनं ते स्वतःच्या हातानं तात्यांच्या छातीखाली सरकवलं.

धरलं. मी काठावरून पाहिलं. आधी पांढरा, मग निळसर असा धूर निघाला, छपराच्या कडेनं वर गेला आणि पावसात विरला. ओली लाकडं त्याच्या आधारानं हळूहळू पेटत गेली. टायर तसेच बाजूला पडून राहिले, त्यांच्यात पाणी साचलं. त्या दिवशी गावात कोणत्याच घरात वास शिरला नाही.

सरूताई परत आली ती चिंब भिजून. ओढ्यातून वर चढताना मी तिला हात दिला. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. तिनं तो प्रश्न मला पुन्हा कधीच विचारला नाही, आणि मला वाटतं, ते विचारत राहण्यापेक्षा वाईट होतं.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे दोन दिवस राहून आले. घर आता पक्कं झालंय, वरती स्लॅब. म्हैस विकली, म्हणून गोबरगॅसही बंद, सिलिंडर आहे. गोठ्याच्या जागी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. विष्णुभाऊच्या जिपेचं रीतसर टुरिस्ट परमिट झालंय. मुलगी पुण्यात शिकते, तिचे डोळे छान आहेत. पंचायतीवर आता सौरदिवे आहेत आणि ते खरंच लागतात. मी स्वयंपाकघरात बसले आणि सवयीनं वर बघितलं. सपाट, पांढरा रंग दिलेला स्लॅब. लाकूड बांधायला वासाच नाही. खाली धूर नाही, वर काही नाही.

सरूताईनं मला बघताना बघितलं. तिच्या केसांत आता बरंच पांढरं आहे आणि जिना चढताना ती मध्ये थांबते.

"कोनाच्याच घरात न्हाई आता," ती म्हणाली. बाहेर नेहमीचा तो आवाज चालू होता. तिनं गॅस बारीक केला, चहात साखर घातली, आणि माझ्याकडे न बघता अगदी रोजचं बोलावं तशी म्हणाली, "म्हनून मी ठरवलंय बाई. ह्या चार म्हैन्यांत काय मरायचं न्हाई."